मशीन लर्निंगचा एफर्ट एस्टिमेट टेस्टमध्ये बरोबर येतो आणि नवीन प्रोजेक्टवर सपशेल चुकतो: काय काय तपासायचं

हा प्रॉब्लेम वेगवेगळ्या टीम्समध्ये इतक्या वेळा सोडवलाय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. एफर्ट एस्टिमेट म्हणजे एखाद्या प्रोजेक्टला माणसांचे किती तास लागतील याचा अंदाज. जुन्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टांचा डेटा घेतला, मॉडेल शिकवलं, टेस्टवर आकडे छान आले, वरच्यांना दाखवलं, आणि मग नवीन प्रोजेक्ट सुरू झाल्यावर कळलं की मॉडेलने सांगितले त्याच्या दुप्पट तास लागतायत. अशा वेळी बहुतेक जण अल्गोरिदम बदलायला घेतात, रँडम फॉरेस्ट काढून एक्सजीबूस्ट टाकतात, ते काढून न्यूरल नेटवर्क टाकतात, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात. माझं ठाम मत आहे की अल्गोरिदमवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा, कारण दोष जवळजवळ नेहमी टेबलमध्ये असतो, म्हणजे कुठली ओळ आत आली, कुठली आलीच नाही, आणि प्रत्येक कॉलममधला आकडा कधी भरला गेला यात.

आधी लक्षणं बघा, यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं वाचा:

- टेस्टमध्ये एरर फार कमी, पण खऱ्या वापरात अंदाज सतत एकाच बाजूला चुकतो, बहुतेक वेळा कमी येतो.
- मोठ्या प्रोजेक्टांना नेहमी कमी आणि छोट्यांना नेहमी जास्त तास सांगतो.
- ट्रेनिंग परत चालवलं, फक्त रँडम सीड (मॉडेलमधल्या रँडम निवडींची सुरुवात ठरवणारा आकडा) बदललं, आणि त्याच प्रोजेक्टचा आकडा भलताच वेगळा आला.
- फीचर इम्पॉर्टन्समध्ये (मॉडेल कुठल्या कॉलमवर किती विसंबतं त्या यादीत) सगळ्यात वर असा कॉलम आहे ज्याचा तिथे असण्याचा काही संबंध नाही, उदाहरणार्थ बगची संख्या किंवा प्रोजेक्टचा आयडी.
- सुरुवातीला बरं चालत होतं, हळूहळू बिघडत गेलं.

आता तपासण्या. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, तो मोडू नका, कारण वरच्या तपासण्या एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होतात आणि खालच्यांना लोकांशी बोलावं लागतं, जुने रेकॉर्ड उकरावे लागतात.

मीडियनशी तुलना करा

सगळ्या जुन्या प्रोजेक्टांच्या तासांचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा आणि प्रत्येक प्रोजेक्टला तोच अंदाज द्या, मग किती चूक होते ते बघा. त्यानंतर साइझचा (प्रोजेक्ट किती मोठा आहे त्या आकड्याचा) लॉग, म्हणजे लॉगरिदम, आणि एफर्टचा लॉग यांच्यात एक सरळ रेषा बसवा, त्याची चूक बघा. तुमचं मॉडेल या दोघांपेक्षा ठळकपणे चांगलं नसेल तर ट्यूनिंग आत्ताच थांबवा. शेपर्ड आणि मॅकडॉनेल यांनी 2012 मध्ये हेच मांडलं होतं की कुठलंही एस्टिमेशन मॉडेल आधी निव्वळ रँडम अंदाजाशी ताडून बघावं, कारण नुसत्या एररच्या टक्केवारीवरून मॉडेल काही शिकलंय की नाही ते कळतच नाही. ही तपासणी सगळ्यात स्वस्त आहे आणि तरीही सगळ्यात जास्त वेळा हीच राहून गेलेली दिसते.

युनिट बघा

एका नवीन कॉलममध्ये तास भागिले साइझ काढा, म्हणजे दर फंक्शन पॉइंटमागे (सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला काय काय करून देतं त्यावरून साइझ मोजायचं एकक) किती तास गेले, आणि त्यावर सॉर्ट करून वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी डोळ्यांनी वाचा. काही ओळी बाकीच्यांपेक्षा साधारण आठपटीने वेगळ्या दिसल्या तर तिथे मॅन-अवर्सच्या जागी मॅन-डेज भरलेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि दीडशेपटीच्या आसपास फरक असेल तर मॅन-मंथ. मॅन-मंथसुद्धा सगळीकडे एकसारखा नसतो, कोकोमोमध्ये (साइझवरून एफर्ट काढायचं बॅरी बोहम यांचं जुनं, प्रसिद्ध सूत्र) एक मॅन-मंथ म्हणजे 152 तास धरलेत तर वीस दिवस गुणिले आठ करणारे 160 धरतात, त्यामुळे बाहेरचा डेटा आपल्या डेटात मिसळताना हे रूपांतर आधी लिहून काढा. आणि एक गोष्ट फार वेळा दिसते ती म्हणजे तिकीट उघडल्यापासून बंद होईपर्यंतचे दिवस एफर्ट म्हणून घेतलेले असतात. तिकीट तीन आठवडे कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत पडलेलं असतं, तो एफर्ट नाही, तो कॅलेंडरवरचा काळ आहे, आणि या दोघांचं एक मॉडेल होऊच शकत नाही.

प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारा

"ज्या दिवशी एस्टिमेट द्यायचा होता त्या दिवशी हा आकडा माहीत होता का?"

इथे थोडा वेळ घालवा, कारण टेस्टमध्ये भारी आणि खऱ्या वापरात फेल असं लक्षण असेल तर माझा सगळ्यात जास्त संशय इथेच असतो. प्रोजेक्ट संपल्यावरच्या कोडच्या ओळी, आलेल्या चेंज रिक्वेस्टची संख्या, सापडलेले बग, प्रत्यक्षात लागलेले महिने, टीममध्ये एका वेळी असलेले जास्तीत जास्त लोक, हे सगळे कॉलम एफर्टशी घट्ट बांधलेले असतात, म्हणून मॉडेल त्यांना लगेच पकडतं आणि टेस्टमध्ये चमकतं. नवीन प्रोजेक्टला मात्र हे आकडे अजून जन्मालाच आलेले नसतात, कुणीतरी ते अंदाजाने भरतं, आणि तो अंदाज बहुतेक वेळा आशावादी असतो, म्हणून मॉडेलचं उत्तरही कमी येतं.

सगळ्यांना मोफत मिळणारा, जुन्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टांचा देशार्ने डेटासेट घ्या, 81 प्रोजेक्ट, त्यातले चार अर्धवट भरलेले म्हणून बहुतेक जण 77 वापरतात. त्यात एक कॉलम प्रोजेक्टला लागलेल्या महिन्यांचा आहे. नवशिक्या माणसाचा कोड बघितला तर तो कॉलम हमखास इनपुटमध्ये असतो, कारण आयडी आणि एफर्ट सोडून बाकी सगळं इनपुट अशी सवय लागलेली असते. पण तो कालावधी प्रोजेक्ट संपल्यावरचा आहे. शिवाय त्यातच अॅडजस्ट केलेले आणि न केलेले असे दोन्ही फंक्शन पॉइंट आहेत, जे एकमेकांची जवळपास नक्कल आहेत, त्यामुळे लिनियर मॉडेलचे कोएफिशियंट (प्रत्येक कॉलमला दिलेलं वजन) उगाच उड्या मारतात. स्वतःच्या डेटावर जाण्याआधी या डेटासेटवर ही छाटणी करून बघा, चांगला सराव होतो.

याचा अवघड प्रकार असा की कॉलमचं नाव बरोबर असतं पण आतला आकडा नंतर बदललेला असतो. "अंदाजे साइझ" असं नाव आहे, सुरुवातीला 200 फंक्शन पॉइंट लिहिले होते, मध्ये स्कोप वाढला, कुणीतरी तोच रकाना 340 केला आणि जुना आकडा पुसला गेला. टेबलमध्ये बघून हे कधीच कळणार नाही. ज्या सिस्टीममध्ये डेटा आहे तिथली बदलांची हिस्टरी काढा, आणि ती नसेल तर सुरुवातीचं प्रपोझल किंवा सही झालेलं स्कोप डॉक्युमेंट शोधून तिथला आकडा घ्या. कंटाळवाणं काम आहे पण याला शॉर्टकट नाही, आणि ज्या प्रोजेक्टांसाठी जुना आकडा सापडतच नाही त्यांना ट्रेनिंगमधून बाहेर ठेवलेलं परवडतं.

स्प्लिट कसा केलाय

स्प्लिट म्हणजे कुठले प्रोजेक्ट ट्रेनिंगला आणि कुठले टेस्टला ही वाटणी. ती रँडम केली असेल तर मॉडेल पुढच्या वर्षीचे प्रोजेक्ट बघून मागच्या वर्षीचे अंदाज देतंय, खऱ्या आयुष्यात हे शक्य नाही. सुरू झाल्याच्या तारखेने लावा, आणि ज्या दिवशी नवीन प्रोजेक्टचा अंदाज द्यायचा होता त्या दिवसापर्यंत संपलेले प्रोजेक्टच ट्रेनिंगला घ्या. दुसरं म्हणजे एकाच मोठ्या प्रोजेक्टचे मॉड्यूल वेगवेगळ्या ओळींत असतील तर एक मॉड्यूल ट्रेनिंगमध्ये आणि त्याचं भावंड टेस्टमध्ये जातं, टीम तीच, क्लायंट तोच, म्हणून अंदाज बरोबर येतो. पायथॉनच्या सायकिट-लर्न लायब्ररीत यासाठी ग्रुप-के-फोल्ड आहे, ते एका ग्रुपच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला ठेवतं, क्लायंट किंवा प्रोजेक्टनुसार ग्रुप करा. हे केल्यावर तुमची एरर वाढेल, आणि ही वाढलेली एररच खरी आहे, तीच वरच्यांना सांगा.

कुठल्या मापाने मोजताय

एस्टिमेशनमध्ये एमएमआरई नावाचं माप फार चालतं, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टची चूक भागिले प्रत्यक्ष एफर्ट, आणि त्याची सरासरी. यात एक खोट आहे. प्रत्यक्ष 100 तास लागले आणि तुम्ही 50 सांगितले तर चूक 50 टक्के, 200 सांगितले तर चूक 100 टक्के. कमी सांगणाऱ्याची चूक कधीच 100 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, जास्त सांगणाऱ्याची कितीही जाऊ शकते, म्हणजे या मापावर मॉडेल निवडलं की आपोआप कमी सांगणारं मॉडेल जिंकतं. फॉस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सिम्युलेशन करून हे दाखवून दिलंय आणि तरीही आजसुद्धा लोक यावरच ट्यूनिंग करतात. तासांमधली सरासरी चूक वापरा, आणि तिच्या शेजारी चिन्हासकट सरासरी चूक वेगळी लिहा, म्हणजे आपण कुठल्या बाजूला झुकतोय ते दिसेल.

लॉगचीही एक गंमत लक्षात ठेवा. एफर्टचा लॉग घेऊन शिकवणं योग्यच आहे, पण उत्तर परत तासांत आणलं की ते सरासरीपेक्षा खाली येतं. तीन सारख्या दिसणाऱ्या प्रोजेक्टांना 100, 100 आणि 1000 तास लागले असतील तर साधी सरासरी 400 येते, लॉगची सरासरी परत फिरवली तर साधारण 215. एका प्रोजेक्टसाठी 215 चालून जाईल पण वर्षभराच्या सगळ्या प्रोजेक्टांची बेरीज करून माणसं लावायची असतील तर बेरीज हमखास तोकडी पडते. यावर डुआन यांची 1983 ची स्मिअरिंगची पद्धत आहे, रेसिड्युअलचे (लॉगमधल्या प्रत्यक्ष आणि अंदाजाच्या फरकांचे) एक्सपोनेन्शियल घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि तिने उत्तराला गुणायचं, दोन ओळींचा कोड आहे.

नवीन प्रोजेक्ट जुन्यांच्या रेंजमध्ये बसतो का

रँडम फॉरेस्ट आणि एक्सजीबूस्टसारखं नेहमीचं ट्रीवालं बूस्टिंग शिकलेल्या आकड्यांच्या पलीकडे फारसं जाऊ शकत नाही. तुमचा सगळ्यात मोठा जुना प्रोजेक्ट 9000 तासांचा असेल तर फॉरेस्ट 9000 च्या वर काही सांगणारच नाही, समोर त्याच्या तिप्पट काम असलं तरी. मोठ्यांना कमी, छोट्यांना जास्त हे लक्षण बऱ्याचदा इथून येतं. एक उपाय मला आवडतो, मॉडेलला थेट तास विचारू नका, दर फंक्शन पॉइंटमागे किती तास ते विचारा आणि मग साइझने गुणा. मोठ्या प्रोजेक्टात हा दर स्वतःच वाढतो म्हणून लॉग-लॉग रेषेशीही ताडून बघा. आणि प्रोजेक्ट रेंजच्या बाहेरचा असेल तर सिस्टीमने आकडा न देता तसं स्पष्ट सांगावं.

टाइमशीट खरं बोलतंय का

इथून पुढे कीबोर्ड सोडून माणसांशी बोलायचंय. आधी एक आलेख काढा, प्रत्यक्ष तास भागिले एस्टिमेटचे तास, आणि त्याचा हिस्टोग्राम. बरोबर 1 वर किंवा त्याच्या जरासं खाली उंच मनोरा दिसला तर थांबा. खऱ्या कामात इतके प्रोजेक्ट इतके नेमके एस्टिमेटवर संपत नाहीत. याचा अर्थ बजेट संपलं की पुढचे तास दुसऱ्या कामाच्या टाइमशीट कोडवर टाकले गेले, किंवा जास्तीचे तास नोंदवलेच नाहीत, किंवा उलटं, वेळ उरला होता आणि काम तेवढं पसरत गेलं, पार्किन्सन यांनी 1955 मध्ये जे सांगितलं तेच. तिन्ही कारणांचा परिणाम एकच की मॉडेल तुमचा जुना एस्टिमेट शिकतंय, एफर्ट शिकतच नाहीये. मग मॉडेलचा आकडा टार्गेट होतो, टाइमशीट त्या टार्गेटप्रमाणे भरलं जातं, तेच पुढच्या ट्रेनिंगला येतं, आणि दरवर्षी एरर कमी होताना दिसते पण लोक रात्री उशिरापर्यंत बसलेले असतात.

टीम लीडना विचारताना आरोपाचा सूर अजिबात नको, नाहीतर खरं कुणी सांगणार नाही. एवढंच विचारा की या तासांत नेमकं काय काय मोजलंय, रिक्वायरमेंटच्या मीटिंग आहेत का, टेस्टिंग आहे का, लाइव्ह गेल्यानंतरचा सपोर्ट आहे का, मॅनेजरचे तास आहेत का, आणि ओव्हरटाइम कुठे जातो. एका टीमच्या तासांत टेस्टिंग आहे आणि दुसरीच्या नाही एवढ्या एका गोष्टीने सगळं मॉडेल गढूळ होतं, आणि ते कुठल्याही क्लीनिंग स्क्रिप्टला दिसत नाही. स्टोरी पॉइंटचंही (टीम स्वतःच कामाला देते ते अंदाजे वजन) हेच, ते त्या त्या टीमच्या आतल्या आत ठीक असतात, एका टीमचे 5 आणि दुसऱ्या टीमचे 5 एका कॉलममध्ये टाकायचे नाहीत.

जे प्रोजेक्ट टेबलमध्येच नाहीत

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी. टेबल बहुतेक वेळा पूर्ण झालेल्या प्रोजेक्टांचं असतं. रद्द झालेले नाहीत, अजून रखडलेले नाहीत. गेल्या वर्षी सुरू झालेल्यांपैकी जे आत्तापर्यंत संपले ते साहजिकच छोटे किंवा सुरळीत चाललेले असणार, रखडलेले अजून चालूच आहेत, म्हणून डेटा जितका ताजा तितका तो गोड दिसतो आणि मॉडेल समजतं की हल्ली कामं पटापट होतायत. अकाउंट्स किंवा पीएमओकडून (सगळ्या प्रोजेक्टांवर लक्ष ठेवणारं ऑफिस) सुरू झालेल्या प्रोजेक्टांची पूर्ण यादी मागवा आणि सुरुवातीच्या वर्षाप्रमाणे बघा की त्यातले किती तुमच्या टेबलमध्ये आहेत. जुन्या वर्षांचे जवळपास सगळे आहेत आणि अलीकडच्या वर्षाचे निम्मेच असं दिसलं तर दोष सापडला. तात्पुरता उपाय म्हणजे ज्या काळातले जवळजवळ सगळे प्रोजेक्ट संपलेत तेवढाच काळ ट्रेनिंगला घ्या. कायमचा उपाय सर्व्हायव्हल अॅनालिसिसचा आहे, तिथे अर्धवट प्रोजेक्ट "आत्तापर्यंत किमान इतके तास" म्हणून घेता येतो, पण ते काम जाणकाराचं.

हळूहळू बिघडत गेलेल्या मॉडेलसाठी थोडक्यात: जुने प्रोजेक्ट वेगळ्या टेक्नॉलॉजीचे, वेगळ्या टीमचे असतात, म्हणून सगळा इतिहास न घेता अलीकडच्या प्रोजेक्टांची सरकती खिडकी ठेवून बघा, आणि दोन-तीन वेगवेगळ्या रुंदीच्या खिडक्यांची तुलना करून मगच ठरवा.

एका आकड्याऐवजी रेंज

हे सगळं करूनही अंदाज चुकणारच आहे, प्रश्न किती चुकणार आणि ते आधी सांगता येतं का हा आहे. क्वांटाइल रिग्रेशनने (सरासरीऐवजी ठरावीक टक्के प्रोजेक्ट ज्याच्या आत बसतील तो आकडा काढणारी पद्धत) पी-50 आणि पी-80 असे दोन आकडे द्या, आणि ते खरे ठरतात का हे तारखेने मागे ठेवलेल्या प्रोजेक्टांवर मोजा, पी-80 म्हटलंय तर शंभरातले साधारण ऐंशी त्याच्या आत संपायला हवेत. साठच संपत असतील तर रेंज खोटी आहे, रुंद करा. आणि रिक्वायरमेंटच ठरलेली नसेल तर रेंज रुंदच येणार, बॅरी बोहम यांनी 1981 मध्येच दाखवलं होतं की अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर अंदाज चौपट जास्त ते एक-चतुर्थांश असा कुठेही असू शकतो. ही माहितीची कमतरता आहे आणि कुठलंही मॉडेल ती भरून काढू शकत नाही, तेव्हा रेंज लहान करून द्या असा आग्रह झाला तर नाही म्हणा.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

साफ केल्यावर तीसच्या आसपास किंवा त्याहून कमी ओळी उरल्या तर मशीन लर्निंग थांबवा. तिथे सारखे जुने प्रोजेक्ट शोधून त्यांच्यावरून अंदाज काढायची पद्धत बरी, शेपर्ड आणि स्कोफिल्ड यांनी 1997 मध्ये ती नीट मांडली आहे, किंवा कोकोमो-2 घेऊन त्यातला फक्त गुणक आपल्या डेटावर बसवा. मूळ कोकोमोसुद्धा 63 प्रोजेक्टांवर उभं होतं, आणि ते टिकलं कारण प्रत्येक प्रोजेक्टची माहिती काळजीपूर्वक गोळा केलेली होती आणि सोबत अनुभवी माणसांचा निवाडा होता.

दोन माणसांनी एकाच स्कोपची साइझ मोजली आणि आकड्यांत मोठा फरक आला तर पुढे काहीही करू नका, सर्टिफाइड फंक्शन पॉइंट काउंटर बोलवा. आयएफपीयूजी आणि कॉस्मिक या साइझ मोजायच्या दोन्ही पद्धतींना आयएसओचं स्टँडर्ड आहे, कुठलीही एक पकडा पण एकाच टेबलमध्ये दोन्ही मिसळू नका.

अर्धवट प्रोजेक्ट खूप असतील, किंवा थोड्या टीम्स आणि प्रत्येकीचे थोडे प्रोजेक्ट असा डेटा असेल, तर स्टॅटिस्टिशियन लागेल, तिथे सेन्सॉर्ड डेटा (ज्याचा शेवटचा आकडा अजून कळलेला नाही असा) आणि मल्टिलेव्हल मॉडेलची (टीम आणि प्रोजेक्ट असे थर वेगळे धरणारं) समज हवी.

अंदाजावर फिक्स्ड प्राइस करार होणार असेल, उशिराचा दंड असेल, तर मॉडेलचा आकडा फक्त एक मत म्हणून ठेवा आणि निर्णय अनुभवी एस्टिमेटर आणि करार बघणाऱ्या माणसांवर सोपवा.

आणि हे आकडे कुणाच्या अप्रेझलला वापरले जातायत असं कळलं तर ट्रेनिंग त्याच दिवशी बंद करा आणि वरिष्ठांशी बोला. त्या क्षणापासून टाइमशीटमध्ये भीती भरली जाते, आणि पुढचा सगळा डेटा निरुपयोगी होतो, शिवाय ज्या लोकांच्या जिवावर हे तास उभे आहेत त्यांच्यावर तो अन्याय आहे.

जाणकाराकडे जाताना मॉडेलची फाइल नेली नाही तरी चालेल. कच्चं टेबल न्या, कुठलीही ओळ न काढलेलं. प्रत्येक कॉलम कोण भरतं आणि कधी भरतं याची यादी न्या. सुरू झालेल्या सगळ्या प्रोजेक्टांची यादी न्या, आणि तुम्ही कुठल्या ओळी का वगळल्या ते एका कागदावर लिहून न्या, त्या कागदावरच त्यांचे पहिले दोन दिवस वाचतात.